आहे त्या सप्लायवर छोट्या ऑफिसचं वायरिंग

ऑफिसची जागा ताब्यात आली की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सॉकेट किती लावायचे?" मी आधी मेन कुठे आहे ते विचारतो, आणि तिथपर्यंत आलेली वायर किती एमएमची (म्हणजे किती चौरस मिलिमीटर जाडीची) आहे ते. बाकीचं सगळं त्यावर ठरतं. दिवे आणि सॉकेट लावणं हा या कामातला सोपा भाग आहे. आधी कुणीतरी टाकून ठेवलेल्या सप्लायवर नवा लोड बसवायचा, आणि तो असा बसवायचा की पुढे कधी काही ट्रिप झालं तर काय ट्रिप झालं हे डीबी (सगळी सर्किट जिथून फुटतात तो डिस्ट्रिब्युशन बोर्ड) उघडल्याबरोबर कळावं, यात खरी कसोटी आहे.

हे लिहितोय ते आयटीआय करून नुकत्याच कामाला लागलेल्या पोरांसाठी, आणि आपल्या ऑफिसात वायरमन नेमकं काय करतोय हे समजून घ्यायचं आहे अशा मालकांसाठी. काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचं, नियम तसाच आहे. मीटरला आणि त्याच्या सीलला हात लावायचा नाही. मीटरच्या पुढचं तेवढं आपलं.

आहे ते आधी बघा

डीबीचं झाकण काढा आणि कागदावर चार गोष्टी लिहा: सिंगल फेज की थ्री फेज, मेनचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) किती अँपिअरचा, मेनची वायर किती एमएमची, आणि अर्थिंगची वायर खरोखर कुठे जाते. पाचवी गोष्ट विजेच्या बिलावर सापडते, ती म्हणजे मंजूर भार किती किलोवॅट.

एमसीबीवरचा आकडा बघून वायरचा अंदाज बांधू नका. आधीच्या भाडेकरूचा 32 चा एमसीबी वारंवार पडत होता म्हणून कुणीतरी तिथे 63 चा बसवला आणि वायर मात्र सहा एमएमचीच ठेवली, असं सर्रास दिसतं. एमसीबी हा वायरीचा राखणदार आहे. वायर सोसू शकेल त्यापेक्षा मोठा एमसीबी लावला तर आधी वायर तापणार, मग एमसीबी पडणार. वायरीच्या इन्सुलेशनवर दर थोड्या अंतरावर माप छापलेलं असतं, ते वाचा. छपाई पुसलेली असेल तर टोक सोलून बघा. आतून पांढरी निघाली तर लगेच ॲल्युमिनियम म्हणून मोकळे होऊ नका, ब्लेडने जरा खरवडा. खाली लालसर दिसलं तर ते कथिल चढवलेलं तांबं. खरंच ॲल्युमिनियम असेल तर त्याला तांब्याची वायर पीळ मारून जोडायची नाही. तो जॉइंट काळा पडतो, सैल होतो आणि तापतो. मेनची वायर बदलायला सांगा, नाही तर काम घेऊ नका.

आता लोड. समजा ऑफिसात सहा टेबलं आहेत. सहा एलईडी पॅनेल 36 वॅटची, म्हणजे 216. तीन पंखे 75 वॅटचे, 225. सहा डेस्कटॉप मॉनिटरसकट 200 च्या हिशेबाने 1200. लेझर प्रिंटर गरम होताना सहज 1000 खेचतो. इलेक्ट्रिक किटली 1500. दीड टनाचा एसी साधारण 1700. राउटर, कॅमेरे वगैरे 50. बेरीज 5891 वॅट, भागिले 230, म्हणजे पंचवीस-सव्वीस अँपिअर. सगळं एकाच वेळी चालत नाही हे मान्य, पण उन्हाळ्यात दुपारी चारला चालतं. मेनची वायर दहाची आणि एमसीबी 40 चा असेल तर निवांत. मेन चारची असेल, किंवा मंजूर भार 3 किलोवॅट असेल, तर आत एकही सॉकेट वाढवण्याआधी भार वाढवून घ्या आणि मेन बदला.

सर्किट कागदावर

इथे वेळ घालवा. मी साध्या वहीच्या पानावर खोलीचा आराखडा काढतो आणि टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला विचारतो की तुझ्या टेबलावर काय काय असणार. माणसं संगणक सांगतात आणि थांबतात. मग हळूहळू मोबाइलचा चार्जर, स्पीकर, छोटा पंखा, हिवाळ्यात पायाशी हीटर. हीटर ऐकला की तिथल्या तिथे ठरवायचं: एक तर त्याला वेगळं सोळाचं सर्किट द्यायचं, नाही तर हीटर ऑफिसात येणार नाही हे मालकाकडून वदवून घ्यायचं.

वरच्या ऑफिससाठी माझी वाटणी अशी होते. दिवे आणि पंखे दोन सर्किटमध्ये, दीडच्या वायरीवर, 10 अँपिअरचे एमसीबी. सगळे मिळून साडेचारशे वॅटही नाहीत, एका सर्किटवर आरामात बसतील. पण एक पडला तर अख्खं ऑफिस अंधारात जाऊ नये म्हणून दोन. एका लाइट सर्किटवर जास्तीत जास्त दहा पॉइंट आणि 800 वॅट हा जुना नियम आजही उपयोगाचा आहे. संगणकांची दोन सर्किट, तीन-तीन टेबलांची, अडीचची वायर, 16 चा एमसीबी. प्रिंटरला एक आणि किटलीच्या ओट्याला एक, दोन्ही अडीच आणि 16. एसीला चारची वायर आणि 20 चा सी टाइप एमसीबी, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो. बी टाइप त्याच्यावरच्या आकड्याच्या तीन ते पाच पटीला पडतो, सी टाइप पाच ते दहा पटीला. आणि राउटर-कॅमेऱ्यांना एक छोटं, 6 अँपिअरचं, जे रात्री सगळं बंद केलं तरी चालू राहील.

झाली आठ सर्किट. आता डीबीचा डबा मोजून घ्या. मेनला दोन मॉड्यूल (डब्यातल्या जागा), दोन आरसीसीबींना (करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचना) चार, आठ एमसीबींना आठ, एकूण चौदा. सोळाचा डबा घ्या. दोन जागा रिकाम्या राहू द्या, वर्षभरात भरतात.

दोन आरसीसीबी का? संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टर असतो आणि तो चांगल्या अवस्थेतही थोडा करंट अर्थमध्ये सोडत असतो, एका मशीनमागे साधारण एक-दीड मिलिअँपिअर. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 च्या पुढे कधीही पडू शकतो, तशी त्याला मुभाच आहे. सहा संगणकांचे नऊ धरले तर ठीक. त्यावरच एसी, किटली आणि प्रिंटर लादलात तर पावसाळी दमट हवेत "काहीच खराब नाही तरी पडतंय" ही तक्रार सुरू होते. म्हणून संगणक एकावर, बाकीचं दुसऱ्यावर. संगणकांचा आरसीसीबी ए टाइपचा घ्या. इलेक्ट्रॉनिक लोडचा गळका करंट सरळ एसी (इथे एसी म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट) स्वरूपाचा नसतो आणि एसी टाइपचा आरसीसीबी तो नीट ओळखत नाही. आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही हेही लक्षात असू द्या, ते काम एमसीबीचं.

सप्लाय थ्री फेज असेल तर सर्किट तिन्ही फेजवर वाटा, पण एका स्विचबोर्डात दोन फेज आणू नका. दोन फेजमध्ये 400 व्होल्टच्या वर असतात, आणि बोर्ड उघडणाऱ्या पुढच्या माणसाच्या ते ध्यानीमनीही नसतं.

न्यूट्रल ज्याचा त्याचा

माझ्या मते छोट्या ऑफिसातल्या निम्म्या कटकटी न्यूट्रलच्या असतात. फेजची काळजी सगळे घेतात, न्यूट्रल मात्र जिथे काळी वायर दिसेल तिथून उचलतात. "न्यूट्रल काय, सगळा एकच" असं म्हणणारा वायरमन दिसला की मी त्याचं काम परत तपासतो.

दोन आरसीसीबी म्हणजे दोन न्यूट्रल बार (न्यूट्रलच्या वायरी कसायच्या पट्ट्या). पहिल्या आरसीसीबीच्या खाली ज्या सर्किटची फेज आहे त्याचाच न्यूट्रल पहिल्या बारवर. आरसीसीबी फक्त एवढंच बघतो, की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का. दाराजवळच्या दिव्याला फेज एका सर्किटची आणि न्यूट्रल जवळ पडतो म्हणून दुसऱ्याचा दिला, की बटण दाबताच आरसीसीबी पडणार. पोरं मग दिवसभर गळती शोधत बसतात. गळती कुठेच नसते.

दोन्ही सर्किट एकाच आरसीसीबीखाली असतील तर तो पडणार नाही, आणि मग हे जास्त घातक. समजा तुम्ही सर्किट एकचा एमसीबी पाडलात, टेस्टर लावून फेज बंद आहे हे बघितलंत, आणि त्याच्या न्यूट्रलचा स्क्रू सैल करून वायर बाहेर काढलीत. त्याच न्यूट्रलवरून सर्किट दोनचा दिवा परतीचा करंट पाठवत होता. वायर बारपासून सुटली त्या क्षणी तिच्यावर दिव्यातून आलेले पूर्ण 230 व्होल्ट, आणि ती तुमच्या हातात.

यावर उपाय साधा आहे. वायर ओढतानाच प्रत्येक सर्किटच्या फेजवर आणि न्यूट्रलवर एकच नंबर घाला, दोन्ही टोकांना. नंबरचे फेरूल (वायरीवर चढवायची नंबर छापलेली छोटी कडी) घ्या किंवा पांढऱ्या टेपवर पक्क्या शाईच्या पेनाने लिहा. एमसीबी ज्या क्रमाने, त्याच क्रमाने न्यूट्रल बारवर स्क्रू. तीन नंबरचा एमसीबी, तर बारवर तिसरा स्क्रू. रंगांशी खेळ नको: फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. हिरवी वायर संपली म्हणून काळी अर्थला वापरली, हे चालणार नाही. काम थांबवा, वायर आणा.

पाइप आणि वायर ओढणं

जागा भाड्याची असेल तर भिंत फोडू नका, पट्टी किंवा सॅडल मारून पाइप करा. स्वतःची असेल तर झिरी मारा, पण उभी किंवा आडवी, तिरकी कधीच नाही. तिरक्या झिरीतली वायर पुढे कॅलेंडरच्या खिळ्याला सापडते. पाइपचं पोट चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका. दोन डब्यांच्या मध्ये दोनपेक्षा जास्त बेंड आले तर मधे एक जंक्शन बॉक्स टाका, नाही तर स्प्रिंग (पाइपमधून वायर ओढायची लवचिक तार) अडकते आणि जोर लावून ओढताना इन्सुलेशन सोलून निघतं. पाइपच्या आत जॉइंट नाही म्हणजे नाही.

वायरचं बंडल जमिनीवर ठेवून वरून वेढे ओढत बसू नका, पीळ पडतात. दोघं लागा, एकाने बंडल फिरवत सोडावं, दुसऱ्याने ओढावं. प्रत्येक डब्यात वीतभर वायर जास्त सोडा. नेटवर्कची केबल वेगळ्या पट्टीतून न्या, आणि पॉवरची वायर ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

लांबी बघा. अडीचच्या वायरीवर 20 मीटरवर पूर्ण 16 अँपिअर खेचले तर सहाएक व्होल्ट वाटेतच जातात. तेवढं चालतं. ऑफिस लांबुळकं असेल आणि ओटा दुसऱ्या टोकाला 40 मीटरवर असेल, तर तिथे चारची टाका. वायर जाड केली म्हणून एमसीबी मात्र वाढवायचा नाही.

दिवे

वीस-एक चौरस मीटरच्या खोलीत 36 वॅटची सहा पॅनेल म्हणजे टेबलावर साधारण 500 लक्स पडतो, लिहा-वाचायला हवा तेवढा. पॅनेल बसणाऱ्याच्या डोक्यावर किंवा त्याच्या पाठीमागे आलं की मॉनिटरमध्ये त्याचं पांढरं चौकोनी प्रतिबिंब दिसत राहतं. दोन टेबलांच्या मधल्या वाटेवर घ्या. खिडकीलगतच्या ओळीचा स्विच वेगळा ठेवा, दिवसा ती ओळ लागत नाही.

स्विच नेहमी फेजवर. न्यूट्रलवर पडला तरी दिवा चालू-बंद होतो, म्हणून चूक दिसत नाही. पण स्विच बंद केल्यावर अंधारात पॅनेल मंद झळकत राहिलं तर पहिली शंका हीच घ्या. दिवा "बंद" असताना ड्रायव्हरवर (एलईडीला सप्लाय देणाऱ्या डबीवर) पूर्ण फेज बसलेली असते आणि बदलायला चढलेल्या माणसाला ते माहीत नसतं. फॉल्स सीलिंगमध्ये ड्रायव्हरचे जॉइंट टेप गुंडाळून लोंबते सोडू नका, झाकणाचा डबा आणि कनेक्टर वापरा. पॅनेलची बॉडी धातूची असून अर्थचा स्क्रू दिलेला असेल तर हिरवी वायर तिथपर्यंत न्या.

सॉकेट

समोरून बघताना वरची मोठी पिन अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. मागून वायर लावताना उजवं-डावं उलटतं, आणि घाईत नेमकी तिथेच गफलत होते. सॉकेटच्या मागे अक्षरं कोरलेली असतात, ती वाचून लावा, आठवून नको.

वायर आठ-दहा मिलिमीटर सोला. कटरने तांब्याची एखादी तार तुटली तर ते टोक कापा आणि परत सोला. तारांना पीळ द्या, टर्मिनलमध्ये पूर्ण आत घाला, स्क्रू आवळा, आणि मग वायर धरून ओढून बघा. हलकं नको, नीट ओढा. निघाली तर आत्ता निघालेली बरी. इन्सुलेशन स्क्रूखाली दबलं नाही ना आणि उघडं तांबं टर्मिनलबाहेर डोकावत नाही ना, दोन्ही बघा. येणारी आणि पुढच्या सॉकेटला जाणारी, अशा दोन वायरी एकाच टर्मिनलमध्ये असतील तर दोन्ही टोकं एकत्र पिळून आत घाला, नाही तर एक घट्ट आणि दुसरी सैल राहते. टोकाला शिसं-कथिलाचा डाग देऊन स्क्रूखाली घालण्याची जुनी सवय सोडा. दाबाखाली तो मऊ धातू हळूहळू पसरतो, स्क्रू आपोआप सैल होतो, आणि मग सॉकेट पिवळा पडायला लागतो.

प्रत्येक टेबलाला 6 अँपिअरचे चार सॉकेट द्या. दोन दिलेत तर तिथे एक्स्टेंशन बोर्ड येणार, आणि त्या बोर्डाला दुसरा. सॉकेट टेबलाच्या पृष्ठभागाच्या जरा वर घ्या, खाली घेतले तर पायाने प्लग ढिले होतात.

यूपीएस असेल तर त्याच्या सॉकेटचा रंग वेगळा घ्या, आणि यूपीएसचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलला ऑफिसात कुठेही भेटू देऊ नका. इन्व्हर्टरवर चार दिवे टाकले आणि लाइट गेल्यावर, किंवा परत आल्यावर, आरसीसीबी पडतो, अशी तक्रार आली की मी दुसरं काही बघायच्या आधी तो न्यूट्रल बघतो.

चालू करण्याआधी आणि नंतर

काम चालू असताना एमसीबी पाडला यावर भरवसा ठेवू नका. त्यावर टेप मारा, कागद लावा. मीटर किंवा टेस्टर आधी चालू सॉकेटवर बघा, मग बंद केलेल्यावर, मग परत चालू सॉकेटवर. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला नाही ना, हे त्या तिसऱ्या तपासणीने कळतं.

सगळं जोडून झालं की सप्लाय न देता तीन कामं. एक, डीबीच्या अर्थ बारपासून प्रत्येक सॉकेटच्या अर्थ पिनपर्यंत मल्टीमीटरची बीप घ्या. दोन, दोन्ही न्यूट्रल बार मेनपासून सुटे करा, सगळे एमसीबी खाली, आणि बार ते बार बीप घ्या. वाजली तर कुठेतरी न्यूट्रल मिसळलाय. मग बार ते अर्थ, तिथेही वाजता कामा नये. तीन, मेगर (जास्त व्होल्ट लावून इन्सुलेशन तपासायचं मीटर). संगणक, ड्रायव्हर, आरसीसीबी सगळं सुटं करा आणि 500 व्होल्टचा मेगर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असा मारा. किमान 1 मेगओहम हवा, पण नव्या वायरिंगला मी त्यावर समाधान मानत नाही. नवी वायर शंभरच्या पुढे दाखवते. दोन-तीन दाखवत असेल तर कुठेतरी वायर सोलली आहे किंवा डब्यात पाणी आहे.

मग सप्लाय द्या आणि प्रत्येक सॉकेटवर तीन आकडे घ्या. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढेच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ 230 आला तर फेज-न्यूट्रल उलटे लागलेत. फेज-अर्थ शंभराच्या आसपास अधांतरी आला तर अर्थ कुठेतरी तुटलाय. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, पण त्यावर अर्थिंगची परीक्षा होत नाही, बटण अर्थ नसतानाही आरसीसीबी पाडतं. सॉकेटमध्ये घालायचा आरसीसीबी टेस्टर मिळतो, तो प्रत्येक सॉकेटवर वापरा. तिथे आरसीसीबी पडला तर अर्थ तिथपर्यंत पोहोचला.

शेवटी एसी, किटली, प्रिंटर आणि सगळे संगणक एकदम चालू करून अर्धा तास सोडा. किटली संपली की परत भरा. नंतर प्लग काढून पिना बघा, सॉकेटच्या पुढच्या प्लेटला हात लावा. कोमट ठीक. गरम लागली तर तो बोर्ड बंद करून उघडा, स्क्रू सैल सापडेल.

डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किटची यादी चिकटवा. "लाइट 1, लाइट 2" असं मोघम नको. "खिडकीकडची तीन पॅनेल आणि दाराजवळचा पंखा" असं लिहा, आणि वहीच्या पानावरच्या आराखड्याची प्रत त्याच्याखाली. महिन्याभराने मेन पाडून डीबीतले मेनच्या पुढचे सगळे स्क्रू एकदा परत आवळून घ्या. तांबं दबून बसलेलं असतं, दोन-चार तरी अर्धा आटा फिरतातच.